आखडलेल्या बोटांचं ग्रीन टी मंडळ

किस्से कुठे साठतात माहितीये? जिथे माणसं बसून असतात आणि कुणालाच घाई नसते, तिथे! लग्नाच्या पंगतीत नाही साठत, तिथे मागे पुढची पंगत उभी असते. बँकेत नाही, तिथे टोकन असतं. पण सांध्यांच्या दवाखान्यात? तिथे घाई करायची म्हटली तरी करता येत नाही हो आम्हाला! नाव पुकारलं की आधी एक गुडघा तयार होतो, मग दुसरा. तेवढ्या वेळात शेजारच्याचा एक किस्सा सांगून होतो!

मी वैशाली. जळगावच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. सहा वर्षांपासून मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. म्हणजे आमवात. शरीराचे पहारेकरी चोर सोडून स्वतःच्याच सांध्यांवर लाठ्या चालवतात, असं मी पोरांना सांगते. त्यांना ते फार आवडतं! मला तितकंसं नाही. सकाळी तासभर बोटं अशी आखडलेली असतात, की ट्यूबमधून पेस्ट काढणं म्हणजे एक प्रोजेक्ट!

जळगावातल्याच आमच्या दवाखान्याच्या बाकावर माझ्यासोबत तिघं. एक एरंडोलजवळच्या खेड्यातल्या पार्वताअक्का. वय साठीच्या पुढे, घरी कपाशी आणि केळी, बोलणं अस्सल अहिराणी, आणि आमच्या रुमॅटॉइडला त्या म्हणतात 'रोमॅटो'. दुसरे नाना, धुळ्याच्या देवपुरातले, एसटीतले निवृत्त कंडक्टर. तिसरी शुभांगी, नानांच्याच गल्लीतली, एका कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारी, अठ्ठावीस वर्षांची. एवढ्या लहान वयात हा आजार! नाना तिला सोबत म्हणून येतात असं म्हणतात. ती म्हणते, मी नानांना सोबत म्हणून येते.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आम्ही चौघं त्या बाकावर. आणि आमचं हे मंडळ जमलं ते एका झाकणामुळे!

*

झालं असं, की शुभांगीने कुठेतरी वाचलं की ग्रीन टी तब्येतीला चांगला. दूध नाही, साखर नाही, हलका. ती एक थर्मास भरून घेऊन आली. मी, अक्का आणि ही धुळ्याची जोडी, तेव्हा एकमेकांना नुसते तोंडओळखीचे. तिने झाकण फिरवायला घेतलं. फिरेना! सकाळी घरी आईने घट्ट लावलेलं.

"द्या इकडे," नाना म्हणाले. तीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहून काम केलेला माणूस! त्यांनी झाकण धरलं, दात-ओठ आवळले. झाकण जागचं हललं नाही. मग मी. रुमाल गुंडाळून, विज्ञानाच्या शिक्षिकेला शोभेल असा घर्षणाचा नियम वापरून. काही नाही! मग अक्कांनी थर्मास दोन्ही गुडघ्यांत धरला. तर गुडघेच कळवळले!

चार जण, चाळीस बोटं, आणि एक झाकण उघडेना! आम्हाला असं हसू फुटलं की रिसेप्शनवरची मुलगी उठून बघायला लागली. तेवढ्यात डॉक्टर स्वतःच बाहेर आले. "काय चाललंय?" म्हणाले. शुभांगीने मुकाट्याने थर्मास पुढे केला. त्यांनी टक्क करून झाकण काढलं आणि परत दिला.

अक्का आख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माय वं! डॉक्टरना हात भारी शे! पहिलाच झटकामा गुन उना!"

त्या दिवशी डॉक्टरांनीही अर्धा कप घेतला. आणि तेव्हाच स्पष्ट सांगितलं, "हा प्यायला माझी काही हरकत नाही. साखरेचे चार कप चहा सुटत असतील तर उत्तमच. पण याने आजार बरा होतो असं कुणी सांगितलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा." आम्ही मान डोलावली. मान तेवढी हलत होती सगळ्यांची!

*

अक्कांना वाटलं, शहरातली ही पोर आवडीने पाजते तर आपणही प्यावा. शुभांगीने त्यांना एक पाकीट दिलं, पिशव्यांचं नव्हे, सुट्ट्या पत्तीचं. अक्कांनी ते स्वयंपाकघरात डब्यात भरून ठेवलं आणि त्या शेतात गेल्या.

त्याच दिवशी त्यांच्याकडे पाहुणे! लेकीच्या सासरची पाच-सहा माणसं. सुनेने झणझणीत शेवभाजी टाकली. वरून चुरायला कसुरी मेथी हवी म्हणून डबे उघडले. एका डब्यात वाळलेली हिरवी पानं दिसली. घेतली मूठभर, चोळली, टाकली!

अक्का परत आल्या तेव्हा पंगत उठलेली आणि ग्रीन टीचा डबा अर्धा झालेला. मंडळींनी दोन-दोन वाट्या रस्सा ओरपलेला. वास थोडा वेगळा आहे म्हणाले, पण चव म्हणे नंबर एक! एरवी ही मंडळी जेवली की ओसरीवर आडवी होतात आणि चार वाजेपर्यंत घोरतात. त्या दिवशी सगळे टक्क जागे! व्याही उठून गोठा बघून आले. मग विहीर. मग केळीचा बाग. मग म्हणाले, चला, पद्मालयाला गणपतीचं दर्शनही घेऊन टाकू!

अक्का दवाखान्यात हे सांगत होत्या आणि नाना हसून हसून खोकत होते.

"मग सुनेला सांगितलं का?" मी विचारलं.

"कसाले सांगू?" अक्का म्हणाल्या. "पाहुनास्ना फोन उना ना! म्हने, भाजीना मसाला कोन्ता शे, आम्हले बी धाडा!"

*

आता नाना. नानांचा ग्रीन टी बघण्यासारखा असतो. ते पिशवी हातात घेतात, दोऱ्याच्या टोकाला जो छोटा कागद असतो तो आधी टर्रकन फाडतात, आणि मग पिशवी कपात टाकतात. दोराही आत, पिशवीही आत! मग चमच्याने पाच मिनिटं मासेमारी.

मी एकदा न राहवून म्हटलं, "नाना, तो कागद फाडायचा नसतो. धरायला असतो तो."

"माहितीये हो मला," नाना म्हणाले. "पण हातात कागद आला की फाडला जातो. तीस वर्षांची सवय, मॅडम!"

*

हेच नाना एकदा जळगावहून एकटेच धुळ्याला परत निघाले. शुभांगीला त्या दिवशी सुट्टी नव्हती. बसमध्ये खिडकीशी बसले, थर्मास काढला, दोन्ही तळव्यांत पेला धरून घोट घेतला. बोटांच्या पेरांवर सूज होती. शेजारच्या गृहस्थाने बघितलं.

"बाबा, सांधे का? मेथ्या खा. भिजवून."

मागच्या सीटवरून आवाज आला, "मेथ्या उष्ण पडतात. लसणाचं तेल लावा." त्याच्या मागून एक बाई म्हणाल्या, "तेलाने काय होतं? माझ्या नणंदेने वांगी सोडली, चालायला लागली." खान्देशात वांगी सोडा म्हणणं! त्यावरून बसमध्ये दोन पार्ट्या पडल्या. भरीत खाणारे एकीकडे, नणंदेच्या बाजूचे दुसरीकडे! एरंडोल येईपर्यंत तांब्याचं कडं सांगून झालं. पारोळ्यापर्यंत एरंडाची पानं, उंटिणीचं दूध, आणि मुक्ताईनगरकडचे कोणी एक बाबा, जे म्हणे नुसत्या फुंकरीने सांधे मोकळे करतात.

नाना सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत होते. धुळं जवळ आलं. मग नाना उठले, वरचा दांडा धरला, घसा खाकरला, आणि तीस वर्षांत कमावलेल्या त्या आवाजात आख्ख्या गाडीला विचारलं,

"उपाय सांगायचा कुणाचा राहिलाय काऽऽ?"

त्या गाडीचा कंडक्टर म्हणे तिकिटाचं मशीन बाजूला ठेवून टाळ्या वाजवत होता!

*

आमच्या घरातला किस्सा अगदी छोटा आहे. मी ग्रीन टी सुरू केल्यावर माझ्या यजमानांनी जाहीर केलं, "आजपासून मीही! तू एकटीने का सोसायचं?" मला भरून आलं. पंधरा दिवस रोज सकाळी ते कप घेऊन गॅलरीत उभे! दोरा कपाबाहेर लोंबतोय, तोंडावर समाधान. मी सगळ्या नातेवाइकांना कौतुकाने सांगितलं.

एके सकाळी सहज त्यांच्या कपात डोकावले. आल्याचा, दुधाचा, साय धरलेला कडक चहा, आणि त्यात ती बिचारी पिशवी बुडवलेली!

"अगं, दोन्हीचे फायदे!" म्हणाले.

*

इथवर हसलात ना? आता माझा स्वतःचा किस्सा. हा सांगताना अजून कान गरम होतात.

मागच्या हिवाळ्याआधी मला खूप बरं वाटत होतं. सकाळी बोटं वळत होती, फळ्यावर सरळ रेषा येत होती. आमची मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच असते. माझा वार शनिवार. एका शनिवारी विसरले. काही झालं नाही. पुढच्या शनिवारी आठवण होती, पण मनात आलं, बघू या तरी! ग्रीन टी तर चालूच आहे, रोज दोन कप. कदाचित त्यानेच बरं वाटत असेल. विज्ञान शिकवणारी बाई मी! वर्गात "पुरावा कुठे आहे?" असं विचारणारी! आणि घरी एका कपाच्या भरवशावर दोन महिने गोळी बंद. कुणाला सांगितलं नाही. यजमानांनाही नाही.

मग एका सकाळी मला पलंगावरून उठताच येईना. दोन्ही मनगटं फुगलेली, गुडघा नारळाएवढा. केसाला कंगवा लावता येईना. लेकीने वेणी घातली, आणि घालता घालता ती रडायला लागली. मी तिला म्हटलं, "हवेमुळे होतं गं." आयुष्यात इतकं खोटं मी कधी बोलले नव्हते.

डॉक्टरांनी हात बघितले. मग विचारलं,

"ग्रीन टी सोडला का?"

"नाही! रोज घेते," मी अभिमानाने म्हटलं.

"मग गोळी सोडली असणार," ते म्हणाले, आणि लिहायला लागले.

मला तिथेच रडू आलं. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्हाला बरं वाटत होतं ते गोळीमुळे. बरं वाटलं म्हणून गोळी सोडलीत. पुढच्या वेळी सोडावीशी वाटली तर आधी मला फोन करा. शाळेतून करा, लग्नातून करा, पण करा." मला रुळावर यायला चार महिने लागले. चार महिने!

बाहेर बाकावर मी मंडळाला सगळं कबूल केलं. शुभांगीने माझा हात हातात घेतला, हळूच, कारण दोघींचेही दुखत होते. अक्का मात्र तडकल्या!

"मास्तरीनबाई, तू शिकेल-सवरेल, आनि तूच असं करस? आते दर शनवारले मी फोन करसू!"

*

आणि केला! दर शनिवारी सकाळी, न चुकता. शनिवारी आमची शाळा सकाळची. फोन कानाला धरला की मनगट दुखतं, म्हणून माझा फोन कायम स्पीकरवर. पहिल्या शनिवारी मी नववीच्या वर्गात, टेबलावर फोन, त्यावर स्टॉपवॉच लावून लंबकाचा प्रयोग चालू. पोरं श्वास रोखून झोके मोजतायत. तेवढ्यात फोन वाजला. कट करायला गेले, आणि आखडलेला अंगठा भलतीकडेच घसरला!

"गोई लिधी काऽ?" अख्ख्या वर्गात आवाज घुमला.

"हो अक्का, घेतली," मी कसंबसं म्हटलं आणि ठेवला. वर्ग फुटला! मग म्हटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. लंबक बाजूला ठेवला आणि पोरांना सगळं सांगितलं. आजार काय, गोळी कशाला, मी ती कशी सोडली, काय झालं.

पुढचा शनिवार. तोच वर्ग, तोच तास. फोन वाजला. पहिल्या बाकावरच्या मुली माझ्याकडे बघून हसल्या. मी फोन घेतला.

"गोई लिधी काऽ?"

मी तोंड उघडायच्या आत चौपन्न पोरं एका सुरात ओरडली,

"लिधीऽऽ!"

मग पलीकडून अक्कांचा घाबरलेला आवाज आला,

"माय वं! बठ्ठा वर्गले रोमॅटो व्हयना का?"

*

माझ्या प्रतापानंतर नानांनी ठरवलं की मंडळाला शिस्त हवी. त्यातच शुभांगीच्या रक्तात लोह कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली आणि बजावलं, की त्या गोळीबरोबर चहा नको, हिरवा नको की दुधाचा नको. मध्ये चांगलं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगाला लागत नाही.

आमच्या पुढच्या मंगळवारी नाना एक मोठा पुठ्ठा घेऊन हजर! त्यावर लाल-निळ्या पेनाने, स्टँडवर असतं तसं वेळापत्रक:

"सकाळी सात, कोमट पाण्यात हात : नियमित.
सकाळी आठ, लोहाची गोळी : सोबत लिंबूपाणी. चहास प्रवेश नाही.
सकाळी साडेदहा, ग्रीन टी : जलद सेवा.
शनिवार, मुख्य गोळी : फक्त साप्ताहिक. जादा गाडी सोडली जाणार नाही."

आम्ही वाचून लोटपोट! अक्कांना मी वाचून दाखवलं. त्या विचारात पडल्या.

"आनि शनवारनी गाडी चुकनी ते?"

नानांनी पुठ्ठ्याच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे चौकट होती. "चौकशी : डॉक्टरांची केबिन. कंडक्टरशी हुज्जत घालू नये."

तो पुठ्ठा डॉक्टरांनी मागून घेतला. आता केबिनबाहेर लावलाय!

*

शुभांगीचा किस्सा मला नानांनी सांगितला, कारण ते तिथे बसलेले होते.

तिला बघायला मुक्ताईनगरकडचे पाहुणे येणार होते. मुलगा शेतकी खात्यात. शुभांगीच्या आईने आदल्या दिवशी बजावलं, "आजाराचं अक्षर काढायचं नाही. मागच्या दोन स्थळांनी ऐकलं आणि परत फोन केला नाही." मनगटाची सूज दिसू नये म्हणून दोन्ही हातांत डझनभर बांगड्या भरल्या. शेजारी म्हणून, मोठे म्हणून नाना खुर्चीवर.

शुभांगी ट्रे घेऊन आली. सात कप. सहा दुधाचे, एक तिचा, हिरवा. दारातच तिचं मनगट लटपटलं. कप खणखणले, बशीत चहा सांडला. आई उठायला लागली. शुभांगीने ट्रे दाराशेजारच्या स्टुलावर ठेवला, बांगड्या वर सारल्या आणि सरळ पाहुण्यांकडे बघितलं.

"मला आमवात आहे," ती म्हणाली. "तीन वर्षांपासून. गोळ्या चालू आहेत, कायम चालतील. सकाळी तासभर माझी बोटं वळत नाहीत. नोकरी करते, गाडी चालवते, स्वयंपाक करते. पण भरलेला ट्रे मला उचलत नाही. चहा गरम आहे, तो कुणीतरी घ्या."

नाना म्हणाले, तीस वर्षांत गर्दीची गाडी इतकी गप्प मी कधी ऐकली नाही! आईने पदर तोंडाला लावला. वडील जमिनीकडे बघत होते. मुलाच्या आईने मुलाच्या वडिलांकडे बघितलं.

मुलगा उठला. स्टुलाजवळ गेला, ट्रे उचलला आणि एकेकाला चहा दिला. आधी नानांना! शेवटी एकच कप उरला.

"हा वेगळा कुणाचा?"

"माझा. ग्रीन टी."

"एक घोट बघू?" म्हणाला, आणि खरंच घेतला! तोंड असं वाकडं झालं, असं वाकडं झालं, की त्याच्या वडिलांनाच आधी हसू फुटलं.

"हे तुम्ही रोज पिता?"

"दोनदा."

"मग माझ्याबरोबर तुम्हाला काहीच जड जाणार नाही!"

आमच्या पुढच्या मंगळवारी मुलाची आई एकटीच दवाखान्यात हजर. आमच्या बाकावर बसल्या, नंबर लावून! शुभांगीला विचारून आत गेल्या, डॉक्टरांना सगळं विचारलं, मुलंबाळं होतील का तेही. डॉक्टर म्हणाले, "होतील. पण ठरवायच्या कितीतरी आधी मला सांगायचं. ही गोळी त्या काळात चालत नाही, बदलून देतो." त्या बाहेर आल्या आणि शुभांगीच्या शेजारी बसल्या. आम्ही तिघं छताकडे बघत होतो, पण कान तिकडेच!

"पोरी," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे ट्रे तोच उचलेल. आम्ही लहानपणापासून उचलायला लावलाय."

तुळशीचं लग्न झालं की यांचं!

*

आणि आता हा. यंदाच्या आखाजीचा.

आमच्याकडे आखाजी म्हणजे काय ते खान्देशाबाहेरच्यांना सांगावं लागतं. अक्षय्य तृतीयाच, पण दिवाळीपेक्षा मोठा सण! सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि घरोघरी आमरस आणि खापरावरचे मांडे. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण लाटायची नव्हे! पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर, मनगटांवर, कोपरापर्यंत फिरवत फिरवत पातळ करत न्यायचा, पंच्याएवढा, आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या तापलेल्या खापरावर अलगद टाकायचा. जराशी चूक, की फाटला!

पार्वताअक्का मांड्यांसाठी पंचक्रोशीत माहीत. कुणाचं लग्न निघालं की अक्कांना बोलावणं. आजार आल्यावर पहिल्याच वर्षी भर मांडवात तीन मांडे एकामागून एक फाटले. कुणीतरी हळूच त्यांच्या हातातून गोळा काढून घेतला. अक्का घरी आल्या आणि आपलं खापर धाकट्या जावेला देऊन टाकलं. चार वर्षं चुलीपुढे बसल्या नाहीत.

दवाखान्यात डॉक्टर दर वेळी म्हणायचे, "अक्का, मूठ करून दाखवा." अक्कांची मूठ अर्ध्यातच थांबायची. मग थोडी पुढे. गोळ्या कधी चुकवल्या नाहीत त्यांनी, आणि सांगितलेले बोटांचे व्यायाम रोज पहाटे कोमट पाण्याच्या बादलीत. फाईलमध्ये डॉक्टर मुठीच्या जोराचा काहीतरी आकडा लिहायचे. अक्का विचारायच्या, "वाढना का?" "वाढला थोडा," डॉक्टर म्हणायचे.

यंदा आखाजीला त्यांनी आम्हा तिघांना घरी बोलावलं. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात जाऊबाई मांडे करत होत्या, लेकी-सुना गोल करून बसलेल्या. अक्का आमच्याशी बोलता बोलता उठल्या, परातीपाशी गेल्या आणि जावेला म्हणाल्या, "सरक."

"बाई, राहू द्या ना," जाऊ म्हणाली. "हात दुखतील."

"सरक म्हनस ना!"

अक्का पाटावर बसल्या. हाताला पाणी लावलं, गोळा घेतला. झोक्यावरच्या पोरींची गाणीसुद्धा थांबली. गोळा तळहातांवरून मनगटावर आला, फिरला, पसरायला लागला. आणि टर्रकन फाटला. पुरण परातीत पडलं.

लेकीने "आई" म्हणून हात पुढे केला. अक्कांनी बघितलंच नाही. दुसरा गोळा घेतला. हा सावकाश. इतका सावकाश, की जाऊबाई जाळ कमी-जास्त करत राहिल्या. डावं मनगट, उजवं मनगट, कोपर. मांडा वाढत गेला. त्यातून पलीकडचा जाळ दिसायला लागला. अक्कांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. शुभांगीने माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस दुखला! अक्का अर्ध्या उठल्या आणि मांडा खापरावर टाकला.

पडला. सगळीकडून. अख्खा!

अंगणात असा कल्ला झाला, की शेजारच्या घरची माणसं धावत आली! जाऊबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. नाना टोपी काढून उभे! मी अक्कांना म्हटलं, "द्या, पहिला घास तुम्ही घ्या." त्यांनी माझा हात बाजूला केला. मांडा अलगद घडी घालून स्टीलच्या मोठ्या डब्यात ठेवला, झाकण लावलं, आणि कुणाला खाऊ दिला नाही. नातवालाही नाही!

दोन दिवसांनी आमचा मंगळवार. अक्का आत गेल्या, पाठोपाठ आम्ही तिघंही घुसलो. डॉक्टर म्हणाले, "अक्का, मूठ करून दाखवा."

अक्कांनी मूठ केली नाही. डबा टेबलावर ठेवला.

"हाऊ रिपोर्ट लई उनू," म्हणाल्या. म्हणजे, हा रिपोर्ट घेऊन आलेय!

डॉक्टरांनी डबा उघडला. एक घडी उलगडली, मग दुसरी, मग तिसरी. मांडा टेबलभर झाला. एक्स-रे झाकले गेले, रक्ताचे रिपोर्ट झाकले गेले, स्टेथोस्कोप झाकला गेला. डॉक्टर उभे राहिले. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, वाकून, बोट न लावता, त्यांनी सगळा मांडा तपासला. मग खाली बसले, फाईल ओढली आणि काहीतरी लिहिलं.

अक्कांना वाचता येत नाही. बाहेर आल्यावर त्यांनी फाईल माझ्या हातात दिली. "काय लिखेल शे? वाच."

नेहमीच्या आकड्याच्या जागी डॉक्टरांनी मराठीत लिहिलं होतं,

"दोन्ही हात : खापरावरचा मांडा, एक. कुठेही फाटलेला नाही. गोळ्या तशाच चालू."